एकच रुग्णालय, रक्ताच्या दोन पिशव्या आणि दोन संमती

गेल्या पावसाळ्यात ओल्या पायरीवरून घसरून माझ्या ७१ वर्षांच्या आईच्या खुब्याचे हाड मोडले आणि आम्ही तिला पुण्यातील एका खासगी रुग्णालयात दाखल केले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, आई आता काठी टेकत अंगणापर्यंत जाऊन येते, आणि त्याबद्दल तेथील अस्थिरोगतज्ज्ञांचे ऋण मी मनापासून मानते. मला परीक्षण लिहायचे आहे ते मात्र त्याच रुग्णालयातील अशा एका सेवेचे, जिच्याबद्दल सहसा कोणी लिहीत नाही: रक्त चढवण्यापूर्वी रुग्णाची संमती कशी घेतली जाते आणि ती कागदावर कशी नोंदवली जाते. अकरा दिवसांच्या मुक्कामात आईला दोनदा रक्त लावले गेले. दोन्ही वेळा मजला तोच होता, पलंग तोच होता आणि छापील अर्जही तोच होता. तरीही पहिल्या वेळच्या संमतीला मी पाचांपैकी एक गुण देईन आणि दुसऱ्या वेळच्या संमतीला साडेचार. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण पहिल्या वेळी आमच्या बाबतीत जे घडले तेच माझ्या ओळखीच्या अनेक घरांनी वेगवेगळ्या शहरांतील रुग्णालयांबद्दल सांगितले आहे.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचे हिमोग्लोबिन ९.८ वरून ७.१ वर उतरल्याचा अहवाल आला. साडेसातच्या सुमारास सिस्टरांच्या टेबलाकडून "पेशंटचे नातेवाईक कोण आहेत?" अशी हाक आली. मी गेले, तेव्हा माझ्यासमोर एक दुपानी इंग्रजी अर्ज ठेवण्यात आला, ज्यावर सहीच्या जागी आधीच पेन्सिलीने फुली मारलेली होती. "आजींना पीसीव्ही लावायची आहे, इथे सही करा, रक्तपेढीत माणूस थांबलाय," एवढेच मला सांगण्यात आले. पीसीव्ही म्हणजे लाल पेशींची पिशवी, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. दाखल करताना मी आठ कागदांवर सह्या केल्या होत्या, त्यामुळे नववी सही करताना हात अडखळला नाही. रक्त कशासाठी द्यायचे ते लिहिण्याची जागा कोरी होती, समजावून सांगणाऱ्या डॉक्टरांच्या नावाची जागा कोरी होती आणि वेळेचा रकानाही कोरा होता. आई तेथून दहा पावलांवर उशीला टेकून बसली होती आणि चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत होती. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेल्या, पूर्ण शुद्धीवर असलेल्या त्या बाईला कोणी काही विचारले नाही, आणि मीही तिला न विचारताच तिच्या अंगात जाणाऱ्या रक्ताला होकार देऊन मोकळी झाले. ही गोष्ट मला आजही बोचते.

पिशवी रात्री ८.४० वाजता सुरू झाली. दोन सिस्टरांनी पिशवीवरचा क्रमांक, रक्तगट आणि आईच्या मनगटावरील पट्टीवरचे नाव एकमेकींना मोठ्याने वाचून दाखवले. ते काम चोख झाले आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पहिली पंधरा मिनिटे एक सिस्टर पलंगाजवळ थांबली, मग तिला दुसऱ्या खोलीत जावे लागले. त्यानंतर थोड्याच वेळात आईला हुडहुडी भरली. तिने पायथ्याची चादर गळ्यापर्यंत ओढली आणि मला म्हणाली, "अगं, तो एसी जरा कमी करायला सांग." मी जाऊन एसी कमी करायला सांगितला, तिच्या अंगावर माझी शाल घातली आणि पुन्हा खुर्चीत बसले. आणखी वीस मिनिटे गेली. नाडी आणि ताप पाहायला सिस्टर आली तेव्हा ताप १०१ होता. तिने क्षणाचाही विलंब न लावता पिशवी बंद केली, नवी नळी जोडून सलाईन सुरू केले आणि डॉक्टरांना बोलावले. उरलेली पिशवी आणि आईच्या रक्ताचा ताजा नमुना तपासणीसाठी रक्तकेंद्राकडे, म्हणजेच रक्तपेढीकडे, गेला.

सुदैवाने गट चुकलेला नव्हता. दात्याच्या रक्तात शिल्लक राहिलेल्या पांढऱ्या पेशींमुळे किंवा साठवणीच्या काळात त्यांच्यातून बाहेर पडलेल्या द्रव्यांमुळे असा ताप येतो, तो औषधाने उतरतो आणि सहसा मागे काही ठेवून जात नाही. परंतु रक्त सुरू असताना भरलेली हुडहुडी चुकीच्या गटाच्या रक्तामुळेही असू शकते, आणि ते रक्त असेल तर शरीरात गेलेला प्रत्येक थेंब मूत्रपिंडावर आणि जिवावर बेततो. म्हणूनच थंडी वाजली, अंगाला खाज सुटली, धाप लागली, छातीत किंवा कमरेत दुखू लागले तर लगेच बेल वाजवा, हे रुग्णाला पिशवी लावण्यापूर्वी सांगायचे असते. ते सांगण्याची जागा म्हणजेच संमतीचे संभाषण. ते झालेच नाही, आणि म्हणून आम्ही दोघी सुशिक्षित बायका वीस मिनिटे एसीला दोष देत बसलो. संमतीला कागदी सोपस्कार समजणाऱ्या प्रत्येक डॉक्टराने त्या वीस मिनिटांचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नातेवाइकाची सही पुरेशी असते, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. कायद्याचे म्हणणे वेगळे आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला निकाल या बाबतीत पायाभूत मानला जातो. त्या प्रकरणात ४४ वर्षांच्या रुग्णाने केवळ दुर्बिणीद्वारे तपासणीला संमती दिलेली असताना, ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजांडे काढण्यात आली होती. रुग्ण सज्ञान होती, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार होती आणि जिवाला तातडीचा धोका नव्हता, त्यामुळे आईची संमती ग्राह्य नाही, असे न्यायालयाने ठरवले. डॉक्टरांना शुल्क नाकारण्यात आले आणि २५,००० रुपये भरपाई देण्यास सांगण्यात आले. तेथे आईने मुलीसाठी सही केली होती. आमच्याकडे मुलीने आईसाठी केली, एवढाच नात्याचा उलटा क्रम. माझी आई तर भुलीखालीही नव्हती. उपचाराचे स्वरूप व हेतू, त्याचे फायदे, त्याला असलेले पर्याय, त्यातील महत्त्वाचे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम एवढे रुग्णाला समजले पाहिजे, असे त्याच निकालाने सांगितले आहे. क्वचित घडणाऱ्या प्रत्येक शक्यतेची यादी वाचून रुग्णाला घाबरवण्याची गरज नाही, हेही त्यातच आहे. रक्तस्राव होऊन बेशुद्ध पडलेल्या माणसासाठी सहीची वाट पाहत थांबावे, असे कोणी म्हणत नाही. तेथे डॉक्टरांनी आधी जीव वाचवावा आणि मग कारण लिहून ठेवावे. वर्तमानपत्र वाचणाऱ्या रुग्णाला तो नियम लावता येत नाही.

आता दुसरी वेळ. ताप उतरला, पण पिशवीतील थोडेसेच रक्त आत गेले होते, आणि दोन दिवसांनी हिमोग्लोबिन ७.० भरले. फिजिओथेरपीसाठी उभे केले की आईला घेरी येत होती आणि नाडी ११०च्या वर जात होती. या वेळी रक्तकेंद्रातील एक तरुण डॉक्टर स्वतः वॉर्डात आल्या. त्या आल्या होत्या पहिल्या वेळच्या तापाची नोंद पूर्ण करायला. अशा नोंदी १० डिसेंबर २०१२ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे, म्हणजे रक्त चढवल्यावर होणाऱ्या त्रासांची देशभरातून नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेकडे, पाठवल्या जातात, हे त्यांच्याकडूनच कळले. त्यांनी स्टूल ओढून आईच्या डोळ्यांच्या पातळीवर बसकण मारली आणि माझ्याकडे न पाहता आईला विचारले, "आजी, परवा रक्त लावलं तेव्हा तुम्हाला काय काय झालं, ते मला तुमच्या शब्दांत सांगाल का?" त्या प्रश्नानंतर आई रुग्णालयात प्रथमच मोकळेपणाने बोलली.

पुढची वीस-बावीस मिनिटे मी फक्त ऐकत होते. डॉक्टरांनी सांगितले की हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन ८च्या खाली असेल आणि घेरी, धडधड असा त्रास होत असेल तर रक्त देण्याचा विचार करतात. एका पिशवीने मोठ्या माणसाचे हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी दोन पिशव्या लिहिल्या होत्या. या बाई म्हणाल्या, "आधी एक देऊ, उद्या पुन्हा तपासू, तुम्हाला बरं वाटलं तर दुसरी लागणारच नाही." आईने विचारले, की लोहाचे इंजेक्शन घेऊन चालणार नाही का. शिरेतून लोह देता येते आणि ते पुढे द्यायचेच आहे, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि तोवर उभे राहण्याचा व्यायाम लांबला तर फुप्फुसाचे व पायातील गुठळ्यांचे धोके वाढतात, असे उत्तर मिळाले. रक्त नको म्हटले तर काय होईल, हेही आईने विचारले आणि त्याचेही न रागावता उत्तर दिले गेले: लगेच काही अपाय होणार नाही, व्यायाम हळूहळू करावा लागेल, घेरी येऊन पुन्हा पडण्याची भीती राहील. मला विशेष आवडले ते हे, की नाही म्हणण्याची वाट त्यांनी खरोखर उघडी ठेवली होती.

"तपासलेलं असतं ना रक्त?" हा आईचा पुढचा प्रश्न होता. आपल्या देशात प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच आजारांसाठी चाचणी सक्तीची आहे, असे डॉक्टरांनी सांगितले आणि लगेच पुढचे वाक्यही जोडले, जे ऐकवायला धैर्य लागते: दात्याला नुकतीच लागण झाली असेल तर सुरुवातीच्या काळात ती चाचणीत सापडत नाही, त्यामुळे धोका फार लहान होतो, पण शून्य होत नाही. आईच्या वयाच्या माणसाला त्यापेक्षा जास्त जपावे लागते ते रक्ताचा भार हृदयावर पडून धाप लागण्यापासून, म्हणून पिशवी सावकाश द्यायची, परंतु एकदा सुरू केलेली पिशवी चार तासांच्या आत संपवायचीच. मागच्या वेळच्या तापामुळे या वेळी पांढऱ्या पेशी गाळून काढलेले रक्त देणार आहोत, त्याचा खर्च वेगळा पडेल आणि तो एवढा असेल, हेही आधीच सांगून लिहून दिले गेले. संध्याकाळी पिशवी आली तेव्हा सिस्टरने ती आईला जवळून दाखवली. थंडगार, गर्द लाल, किंचित दवबिंदू साचलेली. लेबलावर रक्तगट, पिशवीचा क्रमांक, रक्त घेतल्याची तारीख आणि त्यापासून ४२ दिवसांनंतरची मुदत. आईने ती तारीख बोटांवर मोजून पडताळली आणि म्हणाली, "कुणीतरी गेल्या पंधरवड्यात दिलंय गं हे." मग सिस्टरने "तुम्हीच ना अमक्या?" असे न विचारता "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा" असे विचारले. हा बारकावा वाटतो तेवढा किरकोळ नाही. झोपेत असलेला रुग्ण कोणत्याही नावाला मान डोलावतो.

अर्ज मात्र तोच होता, आणि माझे अर्ध्या गुणाचे दुःख त्याच्याशी निगडित आहे. मागणी केल्यावर एक मराठी प्रत मिळाली, परंतु तिचे मराठी वाचून माझी शिक्षिका आई चक्रावली. "रक्त संक्रमणामुळे संक्रमण होण्याची शक्यता मला समजावून देण्यात आली आहे," असे वाक्य त्यात होते. सरकारी परिभाषेत रक्त देण्याला रक्त संक्रमण म्हणतात. आपल्या राज्यातील परिषदेचे नावही राज्य रक्त संक्रमण परिषद असेच आहे. पण करोनानंतर घराघरांत संक्रमण या शब्दाचा एकच अर्थ उरला आहे आणि तो म्हणजे लागण. आईने विचारले, "लागणीमुळे लागण कशी होईल?" डॉक्टरांनी ते वाक्य खोडले, वर स्वच्छ अक्षरात "रक्त चढवल्यामुळे क्वचित रोगाची लागण होऊ शकते" असे लिहिले आणि खोडलेल्या जागी दोघींनी सह्या केल्या. जो अर्ज रुग्णाला कळावा म्हणून असतो, तो छापण्यापूर्वी रुग्णालयाने एखाद्या शाळेतील मास्तरांकडून वाचून घ्यावा. त्याच अर्जाच्या तळाशी "मी बदली रक्तदाता आणून देईन" असेही एक वाक्य होते. दाता आणण्याची हमी आणि स्वतःच्या शरीरावरील उपचाराला दिलेला होकार यांची गाठ एका सहीत मारणे मला अत्यंत अयोग्य वाटते. आम्ही ते वाक्य खोडायला सांगितले, आणि डॉक्टरांनी विरोध केला नाही.

दुसऱ्या वेळी त्या अर्जावर काय नोंदले गेले, ते सांगते. कोणता घटक द्यायचा, किती पिशव्या, कशासाठी, तेव्हाचे हिमोग्लोबिन किती, लोहाच्या पर्यायावर चर्चा झाली, मागच्या वेळचा ताप आणि त्यावरची दक्षता, आईने विचारलेले प्रश्न एका ओळीत, आईची स्वतःची सही, साक्षीदार म्हणून माझी सही, डॉक्टरांचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि वेळ ४.३५. पिशवी सुरू झाल्याची वेळ ६.१०. पिशवीवरचा चिकटपट्टीचा क्रमांक काढून फाइलमध्ये लावलेला. कोणीही पाच वर्षांनी ती फाइल उघडली तरी त्या दुपारी काय बोलणे झाले ते त्याला कळेल.

पहिल्या वेळच्या अर्जाचे काय झाले हे पाहण्यासाठी मी फाइलची प्रत मागितली. वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. आम्हाला त्या दुसऱ्याच दिवशी मिळाल्या, याबद्दल नोंदी विभागाला पूर्ण गुण. त्या प्रतीत मी सही करताना कोरे असलेले सगळे रकाने भरलेले होते. शाई वेगळी होती, अक्षर मला अनोळखी होते आणि ज्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितले असे तेथे लिहिले होते, त्यांना मी तोवर पाहिलेही नव्हते. संमतीची वेळ रात्री ९.१० अशी टाकलेली होती. रक्त सुरू झाल्याची वेळ नर्सिंगच्या नोंदीत ८.४०. म्हणजे कागदाच्या हिशेबाने आईला रक्त आधी लागले आणि त्याला होकार अर्ध्या तासाने मिळाला. हे कोणी वाईट हेतूने केले असेल असे मी मानत नाही. चाळीस रुग्णांचा भार असलेल्या एखाद्या निवासी डॉक्टरने रात्री उरलेले रकाने भरून टाकले असतील. पण असा कागद रुग्णाचेही रक्षण करत नाही आणि त्या डॉक्टरचेही करत नाही. उद्या काही विपरीत घडले असते, तर न्यायालयात या कागदाने त्याचाच घात केला असता.

मी ही दोन्ही पाने घेऊन रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागात गेले. तेथील बाईंनी पाने शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि माझी तक्रार लेखी घेतली. दुसरी संमती इतकी चांगली का झाली, याचे उत्तरही त्या बोलण्यातून मिळाले: पहिल्या वेळी ताप आला म्हणून रक्तकेंद्राच्या डॉक्टर वॉर्डात आल्या, ताप आला नसता तर आल्या नसत्या. नेहमीच्या रुग्णाची संमती वॉर्डातील ज्याला वेळ असेल तो घेतो. माझी मागणी साधी आहे. रक्ताची मागणी लिहिणाऱ्या डॉक्टरानेच, मागणीचा कागद रक्तकेंद्राकडे जाण्यापूर्वी, रुग्णाशी बोलावे आणि संमतीच्या अर्जावर वेळ व नाव असल्याशिवाय रक्तकेंद्राने तातडीची नसलेली पिशवी वॉर्डात पाठवू नये. यासाठी नवे यंत्र लागत नाही की नवा कर्मचारी लागत नाही. दहा मिनिटे लागतात, आणि दात्याचे व रुग्णाचे रक्त जुळते का हे पाहणाऱ्या क्रॉसमॅच चाचणीला त्याहून जास्त वेळ जातो.

जे वाचक आपल्या माणसाला घेऊन अशा वॉर्डात बसले असतील, त्यांनी हाक आली की कागद तिथेच न उरकता तो घेऊन पलंगाकडे जावे आणि डॉक्टरांना तेथे बोलवावे. मला कोणी उलट बोलले नसते, हे आता मला कळते. मीच विचारले नाही. रुग्णाला वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घेता येतो, तेव्हा तीही सबब चालत नाही.

घरी सोडण्याच्या दिवशी आईच्या हातात डिस्चार्ज कार्ड आले. शस्त्रक्रिया, औषधे, टाके काढण्याची तारीख, सगळे होते. रक्त चढवल्याचा उल्लेख मात्र कोठेही नव्हता. या वेळी मी उठण्यापूर्वी आईनेच निवासी डॉक्टरला हाक मारली, "बाळा, मला दोनदा रक्त लावलंत आणि एकदा ताप आला, ते यात लिही." त्याने तेथेच उभे राहून पेनाने दोन ओळी लिहिल्या: पहिल्या पिशवीला ताप आल्याने ती थांबवली, पुढे कधी रक्त लागल्यास पांढऱ्या पेशी गाळलेलेच द्यावे. मग सही केली आणि वेळ टाकली. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि कार्ड आपल्या आधार कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात सारून ठेवले.